१९ हजारांचा कॅमेरा सेट सात वर्षांत ५४ हजारांना कसा पडतो

नागपूरच्या बर्डीत सीसीटीव्हीच्या कुठल्याही दुकानात जा, चार कॅमेऱ्यांच्या सेटचं कोटेशन पाच मिनिटांत हातात पडतं. कॅमेरा किती मेगापिक्सलचा, रात्री रंगीत दिसतं का, मोबाइलवर कसं बघायचं, सगळं त्यात असतं. हा सेट पुढची सात वर्षं किती खर्च खाणार, तेवढंच नसतं. बेसा, मनीषनगर, कोराडी रोड, हिंगणा रोडकडच्या लेआउटमधलं स्वतंत्र घर डोळ्यांसमोर ठेवून तोच हिशेब इथे मांडला आहे. दर अदमासे, मधल्या दर्जाच्या मालाचे आणि जीएसटीसह आहेत. दुकानागणिक थोडे खालीवर होतील.

आधी सगळ्यात जास्त खपणारा सेट घेऊ. २ मेगापिक्सलचे चार कॅमेरे ५,२००, चार चॅनलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारी पेटी) ३,५००, १ टीबीची सर्व्हेलन्स हार्ड डिस्क ४,८००, ९० मीटर केबलचं बंडल २,२००, पॉवर सप्लाय ७००, चित्राच्या बीएनसी आणि विजेच्या डीसी पिना, जंक्शन बॉक्स वगैरे ९००, फिटिंग १,८००. झाले १९,१०० रुपये.

आता वीज. कॅमेरा दिवसा दोनेक वॉट घेतो, रात्री अंधारात बघण्यासाठीचे आयआर (इन्फ्रारेड) एलईडी लागले की चारच्या आसपास. त्यात डीव्हीआर, डिस्क आणि पॉवर सप्लायमध्ये उष्णता होऊन जाणारा वाटा धरला की सरासरी ३० वॉट होतात. आकडा किरकोळ वाटतो, पण हे ३० वॉट चोवीस तास, बारा महिने चालू असतात. वर्षाला सुमारे २६३ युनिट. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे आहेत. कॅमेऱ्यांचे युनिट घरच्या वापरावर चढतात, म्हणून ते तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने लागतात. १० रुपये युनिट हा सोयीचा दर धरला तरी वर्षाला २,६३०, सात वर्षांत १८,४०० रुपये. म्हणजे जवळपास दुसरा सेट. उन्हाळ्यात कुलर-एसीमुळे ज्यांचं बिल ३०० युनिटांच्या पुढे जातं, त्यांना हेच युनिट आणखी महाग पडतात. डीव्हीआरला जोडलेला टीव्ही दिवसभर चालू ठेवायची सवय असेल तर हा आकडा जवळपास दुप्पट होतो. तो टीव्ही बंद ठेवा, रेकॉर्डिंगला त्याची गरज नसते.

बाकीचा खर्च असा. डिस्क एकदा बदलावी लागेल, ४,८००. पॉवर सप्लाय दोनदा, १,४००. चारपैकी दोन कॅमेरे, २,६००. वर्षाकाठी एक व्हिजिट ५०० प्रमाणे ३,५००. छोटा यूपीएस आणि त्याच्या दोन बॅटऱ्या, ४,८००. विजेसकट ही बेरीज ३५,५०० होते. मूळ खरेदी धरून ५४,६००, म्हणजे महिन्याला ६५०. एवढ्यात घर राखलं जात असेल तर महाग म्हणता येणार नाही. पण दुकानात ज्या १९ हजारांवर आपण घासाघीस करतो, तो एकूण खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा आहे.

केबलमध्ये वाचवलेले पैसे

घासाघीस सुरू झाली की दुकानदार सगळ्यात आधी केबल उतरवतो, कारण ती भिंतीत जाते आणि कुणी बघत नाही. स्वस्त बंडलात तांबं नसतं, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. दुकानात त्याला सीसीए म्हणतात. त्याचा परिणाम आकड्यांत बघा. २४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.०८४ ओहम. गेटचा कॅमेरा डीव्हीआरपासून ६० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे १० ओहम. रात्री आयआर लागल्यावर कॅमेरा ०.४ ॲम्पिअर ओढतो, तेव्हा केबलमध्येच ४ व्होल्ट खाल्ले जातात आणि १२ ऐवजी कॅमेऱ्याला मिळतात ८. हीच तार सीसीए असेल तर घट ६ व्होल्टच्या पुढे जाते.

म्हणून ठरलेली तक्रार येते: दिवसा झकास, रात्री साडेसात झाले की कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू. फिटिंगवाला कॅमेरा बदलतो, आठ दिवस बरे जातात, पुन्हा तेच. कॅमेऱ्यात काही बिघाड नसतोच. रात्री, आयआर चालू असताना कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा. ११ व्होल्टच्या खाली असेल तर दोष बहुधा तारेत आहे. दूरच्या कॅमेऱ्याला जवळच वेगळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर देणं हा सोपा इलाज, पण लाईट गेल्यावर तो कॅमेरा आधी झोपतो, हे लक्षात ठेवून तो पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यावा.

दुसरी गोष्ट उन्हाची. पांढऱ्या पीव्हीसी आवरणाची केबल गच्चीवरून उघडी नेली तर नागपूरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत तिला भेगा जातात. पाऊस आत शिरतो, तांबं हिरवं पडतं, चित्रावर आडव्या रेघा धावू लागतात. बाहेरचा प्रत्येक मीटर पाइपातून गेला पाहिजे, किंवा उन्हासाठीची काळ्या आवरणाची केबल घ्यावी. जोड कॅमेऱ्याच्या मागे लोंबकळत न ठेवता जंक्शन बॉक्समध्ये बंद करावा, आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्यावा म्हणजे पाणी तिथून टपकून जातं. शुद्ध तांब्याची केबल, पाइप आणि चांगले बॉक्स यांना सुरुवातीला अडीच-तीन हजार जास्त लागतात. अख्ख्या कोटेशनमध्ये जास्तीचे पैसे कुठे घालावेत असं कुणी विचारलं, तर उत्तर हेच. ५ मेगापिक्सल त्याच्या खूप नंतर.

डिस्क

मेगापिक्सल वाढले की साठवण वाढते, आणि हे गणित कुणीही कागदावर करू शकतो. १ मेगाबिट प्रति सेकंदाचं रेकॉर्डिंग दिवसाला १०.८ जीबी जागा घेतं. चार कॅमेरे प्रत्येकी २ मेगाबिटवर असतील तर दिवसाला ८६ जीबी, म्हणजे १ टीबीत अकरा-साडेअकरा दिवस. एच.२६५ ही व्हिडिओ जास्त दाबून साठवणारी पद्धत वापरून प्रत्येकी १ मेगाबिटवर आणलं तर तेवीस दिवस. लग्नाला किंवा गावाला पंधरा दिवस जाऊन आल्यावर चोरी लक्षात आली, तर या फरकाला किंमत येते.

डिस्क सर्व्हेलन्सचीच घ्यावी. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक या सतत लिखाणासाठी बनवलेल्या आहेत, त्यांना ३ वर्षांची वॉरंटी असते. कॉम्प्युटरमधून काढलेली जुनी डिस्क नवी म्हणून बसवण्याचे प्रकार होतात, त्यामुळे सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख तपासावी.

सगळ्यात महागात पडणारा बिघाड मात्र पैशात मोजता येत नाही. डिस्क मेलेली असते, पण मोबाइलवर लाइव्ह चित्र व्यवस्थित दिसत असतं. लाइव्हला डिस्क लागत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. डिस्क बिघडल्यावर डीव्हीआर 'टीं-टीं' करतो खरा, पण तो आवाज त्रासदायक वाटतो म्हणून बसवणाऱ्यानेच बझर बंद करून ठेवलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन एचडीडी (हार्ड डिस्क) एररचा बझर चालू करून घ्या, आणि महिन्यातून एकदा आठ दिवसांपूर्वीच्या रात्रीचं रेकॉर्डिंग उघडून पाहा. लाइव्ह बघणं म्हणजे तपासणी नव्हे.

घड्याळाचंही असंच. डीव्हीआरच्या बोर्डवर सीआर २०३२ नावाचा बटनसेल असतो. तो संपला की लाईट गेल्यानंतर तारीख थेट २००० सालात जाते. पुराव्यासाठी फुटेज देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात वेळच चुकलेली असेल तर पुढे प्रश्न निघणारच. सेल पन्नास रुपयांच्या आत येतो.

उन्हाळा, कुलर आणि सेन्सर

डीव्हीआर माळ्यावर किंवा वरच्या मजल्याच्या बंद कपाटात ठेवायची पद्धत आहे, चोराला दिसू नये म्हणून. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ अंश असताना वरच्या स्लॅबखालची बंद जागा डीव्हीआरसाठी भट्टी असते. बहुतेक डीव्हीआर ५५ अंशांपर्यंत चालतील असं लिहिलेलं असतं, पण ते पेटीभोवतीच्या हवेचं तापमान. पेटीतली डिस्क त्याहून तापते. तळमजल्यावर, पाठीमागे चार बोटं हवा खेळेल अशी जागा बघावी. कुलरच्या झोतात ठेवून गार करायचा विचार तर करूच नये. त्या दमट हवेत कनेक्टर गंजतात.

कुलरचा याहून मोठा संबंध सुरक्षेशी आहे आणि कोटेशन देणारा तो क्वचितच काढतो. नागपुरात कुलर खिडकीबाहेर स्टँडवर बसतो. त्यासाठी कितीतरी घरांत खिडकीची ग्रिल कापलेली असते आणि हंगाम संपला की तिथे प्लायवूडचा तुकडा. चार कॅमेरे लावून ही खिडकी तशीच सोडणं म्हणजे दार लावून भिंत उघडी ठेवणं. कुलर बाहेरून ओढला तरी निघणार नाही अशी लोखंडी चौकट आणि हंगामानंतर नटबोल्टने बसणारी ग्रिल फॅब्रिकेटरकडून करून घ्यावी. तिचा देखभाल खर्च शून्य, आणि कुठल्याही सेन्सरच्या आधी ती व्हावी.

आता बर्गलर अलार्म. कॅमेरा चोरी झाल्यावर सांगतो, अलार्म होताना सांगतो, म्हणून तो घ्यावा याबद्दल दुमत नाही. पण इथल्या हवेत त्यातला पीआयआर सेन्सर नीट समजून घ्यावा लागतो. हा सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक बघतो. मे महिन्यात बंद घराच्या वरच्या मजल्यावर भिंती ३५-३७ अंशांवर जातात, तेव्हा हा फरक जवळपास उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. नेमका तोच काळ, जेव्हा माणसं घर बंद करून गावाला गेलेली असतात. चांगल्या सेन्सरमध्ये तापमानाची भरपाई करणारी सोय असते, स्वस्तात ती बहुधा नसते. यावर दुकानात ड्युअल टेक्नॉलॉजीचा, म्हणजे पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र असलेला सेन्सर सुचवला जातो. तो खोट्या घंटा टाळायला चांगला आहे. पण बहुतेकांत दोन्ही भागांनी हो म्हटलं तरच घंटा वाजते, त्यामुळे पीआयआर उन्हाने आंधळा झाला असेल तर मायक्रोवेव्हचा उपयोग नाही. इथल्या घरासाठी भरवशाचा भाग दारा-खिडक्यांवरचे मॅग्नेटिक सेन्सर. त्यांना उन्हाशी देणंघेणं नसतं. फक्त पावसाळ्यात लाकडी दार फुगून चुंबकाचं अंतर वाढतं का, ते जून-जुलैत एकदा बघावं. दीड-दोन सेंटिमीटरच्या वर गेलं की विनाकारण घंटा वाजू लागते. पाल आणि घरातलं मांजर हे पीआयआरचे आणखी दोन शत्रू, त्यांच्याबद्दल विक्रेता स्वतःच सांगतो.

अलार्मच्या किटला ९ ते १५ हजार. पुढचा खर्च सिमचा: वर्षाला साधारण २ हजार, सात वर्षांत १४ हजार. स्वस्त पॅनल अजूनही २जी मॉड्यूलवर येतात. जिओचं २जी नेटवर्क नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही, आणि दुसऱ्या कंपन्यांचं २जी सात वर्षं टिकेल यावर पैसे लावण्यात अर्थ नाही. ४जी पॅनलच घ्यावं. सिमचा रिचार्ज संपला तर सायरन वाजेल पण फोन येणार नाही, म्हणून वर्षभराचा प्लॅन एकदम मारलेला बरा. पॅनलमधली ७ एएचची लेड ॲसिड बॅटरी २५ अंशांच्या हिशेबाने बनवलेली असते. दर १० अंश वाढीला तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. खोक्यावर चार-पाच वर्षं लिहिलेलं असेल तर नागपुरात दोन-अडीच धरा. छोट्या यूपीएसच्या बॅटऱ्यांचा खर्च वर दोनदा धरला आहे तो यामुळेच.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी यूपीएस घेऊच नये. डीव्हीआर आणि राउटरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा. १५० एएचच्या बॅटरीला ३० वॉट काहीच नाहीत. इन्व्हर्टर मात्र यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर लाईट जाताना मधल्या क्षणात डीव्हीआर रीबूट होतो आणि दीड-दोन मिनिटं रेकॉर्डिंग जातं. मीटरचा मेन स्विच बाहेर असलेल्या घरांत तर चोर आधी तोच पाडतो.

वाय-फाय कॅमेरे

अडीच हजारांचा एक, चार घेतले तर १०,०००, वर मेमरी कार्डं ३,६००. फिटिंगची कटकट नाही, म्हणून तरुण मंडळींचा ओढा इकडे. वीज सात वर्षांत सुमारे १२ हजार, कार्डं एकदा बदलायची, ३,६००. शिवाय हे कॅमेरे आणि त्यांचं ॲप चार-पाच वर्षांपलीकडे अपडेट मिळवत राहतील असं गृहीत धरता येत नाही, म्हणून एकदा सगळे बदलायचे १०,००० धरले. हे झाले ३९ हजारांच्या वर. क्लाउड साठवण कॅमेऱ्यामागे महिना १०० रुपये धरली तर आणखी ३३,६००, एकूण ७३ हजार. क्लाउडशिवाय स्वस्त आहेत खरे, पण मग रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच कार्डावर असतं आणि चोर कॅमेरा उपटून नेतो तेव्हा पुरावाही त्याच्याच खिशात जातो. सिमेंट रोडच्या खोदकामात गल्लीतला फायबर तुटला की क्लाउडही गप्प.

म्हणून मिसळ बरी: गच्ची, मागचं आंगण, पार्किंग डीव्हीआरवर, आणि मुख्य दारावर एकच वाय-फाय कॅमेरा क्लाउडसकट. डीव्हीआर चोरीला गेला तरी चेहरा दुसरीकडे साठलेला राहतो. सात वर्षांत जास्तीचे ८,४०० क्लाउडचे.

पीओई वर चालणारे आयपी कॅमेरे चांगलेच. एकाच कॅट ६ केबलमधून चित्र आणि वीज, १०० मीटरपर्यंत. व्होल्टेज जास्त असल्यामुळे तारेतली घट त्रास देत नाही. सुरुवातीला सात-आठ हजार जास्त लागतात. घर नवं बांधत असाल आणि पाइप आधीच टाकता येत असतील तर डीव्हीआर सोडून हेच घ्या. बांधून झालेल्या घरात एवढ्यासाठी तोडफोड नको. डिजिटल लॉकबद्दल थोडक्यात: चार पेन्सिल सेल वर्षभर जातात, खर्च नगण्य, पण आतलं बोर्ड गेलं की दुरुस्ती होत नाही, नवंच घ्यावं लागतं. पश्चिमेला तोंड असलेल्या दारावर टाळावं, आणि साधी किल्ली घराबाहेर कुणा नातेवाइकाकडे ठेवावी.

एएमसी आणि बाकी

चार कॅमेऱ्यांसाठी एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, परवडत नाही. किमतीच्या दहा टक्क्यांनी वर्षाला १,९००, सात वर्षांत १३,३०० जातात, आणि बारीक अक्षरांत डिस्क, पॉवर सप्लाय आणि विजेने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे जे बिघडतं तेच बाहेर. पंचवीस-तीस फ्लॅटच्या स्कीममध्ये सोळा-चोवीस कॅमेरे असतील तर एएमसी घ्यावी, पण दर तीन महिन्यांनी लेन्स पुसणं, कोळ्यांची जाळी काढणं आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग उघडून दाखवणं हे करारात लिहून. जाळी क्षुल्लक नाहीत: आयआरच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोर हलणाऱ्या जाळ्यामुळे रात्रभर मोशन अलर्ट येतात. चार दिवसांत घरचे अलर्ट बंद करून टाकतात.

मृगाआधीच्या वादळांत वीज थेट पडावी लागत नाही. जवळपास कडाडली तरी गच्चीवरच्या केबलमधून झटका येऊन डीव्हीआरचं एखादं चॅनल कायमचं काळं पडतं. केबलवर सर्ज प्रोटेक्टर लावा, पण अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर ३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

जुन्या मालावर घसघशीत सूट दिसली, तर तिथे थांबून विचारा. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या उत्तीर्ण होऊन बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी असणं सक्तीचं आहे. कॅमेऱ्यावरचा 'आर' ने सुरू होणारा नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहायला अर्धा मिनिट लागतो. नंबर जुळला नाही तर त्या मॉडेलला पुढे अपडेट मिळण्याची आशा सोडा.

बिलावर कॅमेऱ्यांचे, डीव्हीआरचे आणि डिस्कचे सीरियल नंबर हवेत, केबलच्या रकान्यात 'शुद्ध तांबे' असं लिहून घ्यावं. डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड तुमच्यासमोर, तुम्हीच टाकायचा. फिटिंगवाल्याकडे राहिला तर पुढची सात वर्षं प्रत्येक लहान कामाला त्यालाच बोलवावं लागतं. शेवटचे दोन हजार हातात ठेवा, आणि एका रात्रीचं रेकॉर्डिंग चारही कॅमेऱ्यांवर सलग उघडून पाहिल्यावरच द्या.